दोन मुली, एक सातबारा

आज बुधवार, दिनांक ९ नोव्हेंबर १९८३. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. कांता व लीला या माझ्या दोन मुलींच्या वेण्या मी आत्ताच घालून संपवल्या (कांताची डावी वेणी दोनदा सोडून पुन्हा घालावी लागली), हात धुतले आणि ओट्यावर पाट मांडून हा कागद लिहायला बसलो.

मी, कवडू नत्थूजी उमाटे, वय वर्षे एकतीस, धंदा शेती व सरकी बियाण्याच्या प्लॉटवर देखरेख, शिक्षण सातवी पास, राहणार मौजा पिंपळधरी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. माझी बुद्धी जाग्यावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. उलट घरातली सगळी माणसे लिहू नको म्हणून सांगत आहेत. माय स्वयंपाकघरातून म्हणते आहे, "चांगल्या दिवाळीच्या आठवड्यात मरनाचा कागद काऊन लिवून राह्यला रे?" तिला उत्तर मिळावे म्हणून कारण येथेच लिहितो.

येत्या सोमवारी, दिनांक १४ रोजी, वर्ध्याच्या दवाखान्यात माझ्या हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचे काम, आठवड्यात सायकल चालवाल. मी विचारले, किती जण दगावतात? ते हसले. आकडा मात्र सांगितला नाही. माझे वडील नत्थूजी तीन दिवसांच्या तापाने गेले, त्यांनाही कोणी आकडा सांगितला नव्हता.

पण हर्निया हे खरे कारण नाही. खरे कारण माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ रूपराव उमाटे यांचे बोलणे आहे. माझ्या मुली जुळ्या आहेत. कांता माझ्यासारखी काळी आहे. लीला गोरी, घाऱ्या डोळ्यांची आहे. गेल्या पोळ्याला मोठेबाबा चार माणसांत म्हणाले, "कवडूचं काई बरंवाईट झालं तं काळी आपल्या घरची, ते इथं राहीन. गोरी पुलगावले तिच्या मायच्या माहेरी धाडून देऊ, तिच्या माणसाईत." घरात आता मोठा पुरुष तेच आहेत. माझ्या मागे त्यांचाच शब्द चालेल. माझ्या मुली एकमेकींचा हात धरल्याशिवाय विहिरीपर्यंतसुद्धा जात नाहीत. म्हणून हा कागद. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मुलींच्या जन्माबाबत. माझ्या दोन्ही मुली दिनांक ३ मार्च १९७९, शनिवारी, याच घरात, मधल्या खोलीत जन्मल्या. कांता दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, लीला दोन वाजून बत्तीस मिनिटांनी. सुईण देवकाबाई होत्या. घड्याळ माझे होते व ते आदल्या दिवशी रेडिओवरून लावलेले होते.

जन्मताच दोघी सारख्याच होत्या, दोघीही सोललेल्या गाजरासारख्या. मला भीती वाटली की पहिली कोणती अन् दुसरी कोणती हे उद्या कळणार नाही. बियाण्याच्या प्लॉटवर आम्ही दुपारी मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर नखाने काढतो, तिच्यावर लाल कागदाची नळी घालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावतो, आणि लावून झाला की देठाला धागा बांधतो. धागा नसेल ते बोंड कोणाचे ते सांगता येत नाही, ते वेगळे वेचतात. ती सवय हाताला होती. मी कांताच्या उजव्या पायात लाल धागा बांधला आणि लीलाच्या उजव्या पायात पांढरा.

देवकाबाई म्हणाल्या, "काऊन रे कवडू, लेकरं हायेत का कापसाची बोंडं?"

सुलोचना, माझी पत्नी, बाजेवरून म्हणाली, "बांधू द्या बाई त्याईले. धागा बांधल्याबिगर त्याईले झोप नाई येत."

बारा मिनिटांपूर्वी ओरडून सगळा मोहल्ला जमा केलेली बाई अशी हसत होती. ते मी विसरलेलो नाही.

दर पंधरा दिवसांनी मी धागा सैल करून पुन्हा बांधत असे व वहीत नोंद करत असे. देवकाबाईंनी पाचव्या दिवशीच दोघींच्या कानांच्या पाळ्या पाहून सांगितले होते की एक सावळी निघेल, एक उजळ. मला ते खरे वाटले नाही. दीड महिन्यात लाल धाग्याची मुलगी हळूहळू माझ्या रंगावर आली. पांढऱ्या धाग्याची होती तशीच राहिली, आणि पावसाळ्यापर्यंत तिचे डोळे मधासारखे झाले. धागे मी त्यानंतरच कापले. वही क्रमांक ६, पान ११ ते १९. ज्याला शंका असेल त्याने वाचावी.

म्हणून मी शपथेवर लिहितो की दोघी एकाच पोटातून, बारा मिनिटांच्या अंतराने, भिंतीपलीकडे मी उभा असताना आल्या. कोणी कोणाशी बदललेली नाही. दोघी माझ्या औरस मुली आहेत.

कलम २. माझ्या पत्नीच्या माहेराबाबत. हे कलम लिहिण्याचे कारण असे की गावात याविषयी ज्यांना काही माहीत नाही तेच जास्त सांगतात.

सुलोचना पुलगावची. सन १९७६ च्या हंगामात ती प्लॉटवर बायांच्या टोळीबरोबर कामाला आली. मी दुपारभरात अडीचशे कळ्या करत असे व त्याचा मला गर्व होता. तिने पहिल्याच दिवशी साडेतीनशे केल्या. मी तिच्या कळ्या तपासायला गेलो, एकीतही पुंकेसर शिल्लक नव्हता. ती म्हणाली, "उमाटेभाऊ, भिंग लावून पाह्यता का? आना ना भिंग." मी खरोखरच भिंग आणले. पुढल्या वर्षी आमचे लग्न झाले, आणि "भाऊ" म्हटल्याबद्दल तिला आजही चिडवतो.

तिची आई कोकिळाबाई यांचे वडील विल्यम बार्कर हे पुलगाव–आर्वी छोट्या रेल्वेगाडीचे ड्रायव्हर होते. त्यांचा आजा विलायतेचा आणि आजी सिकंदराबादकडची. त्यांनी पुलगावच्या मिलमध्ये काम करणाऱ्या मराठी बाईशी रीतसर नोंदणी करून लग्न केले. कागद आहे, मी पाहिला आहे.

लीलाचा रंग दिसू लागल्यावर गाव म्हणू लागले, गोऱ्या साहेबाचं रक्त निघालं. ते ऐकून कोकिळाबाई मुद्दाम पुलगावहून आल्या, पिशवीतून बार्करसाहेबांचा फोटो काढला आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या हातात दिला. फोटोत टोपी घातलेला, माझ्याइतकाच काळा माणूस उभा आहे.

माझी माय म्हणाली, "हा तं काळा हाये वो! इंजनाची राख असन."

"इहीनबाई," कोकिळाबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं म्या रोज त्याईच्या आंघोळीचं पानी काढलं. राख असती तं निंघाली असती ना? त्याईची सख्खी बहीण मात्र दुधासारखी होती. आन् मी पाहा, ना धड इकडची ना तिकडची. माही सुलोचना गहू. आमच्या घरात पानात काय वाढून येईन ते आधी कोनालेच समजत नाई."

फोटो हातोहात फिरला. ज्यांनी गोऱ्या साहेबाचे रक्त म्हटले होते ते चहा मागू लागले.

कलम ३. माझी आई मनकर्णाबाई हिच्याबाबत. माय आहे तोवर या घरात तिचा मान पहिला. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, परंतु पुढील गोष्ट नोंदवून ठेवतो.

मायचे म्हणणे असे की सुलोचनेने पोटुशी असताना जांभळे खाल्ली म्हणून कांता काळी झाली, आणि आर्वीच्या बाजारातले खोबरे खाल्ले म्हणून लीला गोरी. मी विचारले, "माय, दोघी एकाच पोटात होत्या. जांभूळ डाव्या बाजूनं गेलं अन् खोबरं उजव्या बाजूनं, असं झालं का?" ती म्हणाली, "तुले मोठं समजते. तू तं मानसाचं लेकरू बी दोऱ्यानं बांधते."

त्यानंतर तिने दोघींना सारखे करायचे मनावर घेतले. वर्षभर ती कांताला रोज साय, बेसन व हळद चोळत असे, आणि लीलाला तेल लावून अंगणात उन्हात बसवत असे. सुलोचना शेजारच्या बायांना सासूविषयी सांगे, "आमच्या आत्याबाई एकीले उजळून राह्यल्या अन् एकीले भाजून राह्यल्या." वर्षअखेर कांता होती तितकीच काळी व फार मऊ झाली, लीलाच्या नाकाची साल निघाली. तेव्हा मायने दोन्ही थांबवले. बेसनाची तिने नंतर भजी केली, ती मीही खाल्ली.

कलम ४. शेत. मौजा पिंपळधरी येथील सर्वे नंबर ४७/२, दोन एकर दहा गुंठे, हे मी माझ्या कमाईने सन १९८० साली विकत घेतलेले आहे. ते माझ्या मागे कांता व लीला या दोघींना निम्मे निम्मे मिळावे. सातबाऱ्यावर दोघींची नावे एकाच वेळी चढवावीत. सज्ञान होईपर्यंत सुलोचनेने वाहावे. पाच रुपयांचाही फरक कोणी करू नये.

येथे कोणी म्हणेल की एका बीजाच्या दोन मुली इतक्या वेगळ्या कशा. त्याचे उत्तर मला माझ्या कामातून मिळाले आहे, ते लिहितो.

प्लॉटवर तयार होणारे संकरित बियाणे पहिल्या वर्षी पेरले की सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, एका उंचीची येतात. पण त्या झाडांची सरकी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरू नये असे साहेब लोक सांगतात. सन १९७५ साली मोठेबाबांनी ते ऐकले नाही. म्हणाले, "घरचं बी असतानी पैसे कायले द्याचे?" आणि घरची सरकी तीन एकरांत पेरली. श्रावणात पाहिले तर एक झाड छातीइतके, शेजारचे गुडघ्याइतके, एकाचे पान कातरलेले, एकाचे पसरट, एकाचे बोंड मोठे, एकाला बोंडच नाही. तपासणीचे साहेब आले व म्हणाले, यात दुसरे बी मिसळले आहे. मोठेबाबांना असा राग आला की त्यांनी मुठीत माती घेऊन शपथ घातली. "साहेब, बाहेरचा एक दाना नाई याच्यात. हे सारं माह्याच पोत्यातलं. दिसते येगळं, पन हाये एकाच घरचं."

ते खरेच होते. पहिल्या वर्षी जे आत दडून बसलेले असते ते दुसऱ्या वर्षी कोठेही, कसेही बाहेर येते. सुलोचनेच्या घरात विलायत, सिकंदराबाद व पुलगाव तिन्ही दडलेली आहेत. माझ्या घरात काय काय दडले आहे ते कोणी वहीत लिहून ठेवलेले नाही. रंग हा दुधात चहा ओतल्यासारखा प्रत्येक वेळी मधोमध मिसळत नाही. चिंचोके मुठीत घेऊन टाकले की दर वेळी वेगळे पडतात, तसे त्याचे आहे. आमच्या घरी एकाच दिवशी दोनदा टाकले गेले, एवढेच.

पोळ्याच्या दिवशी मी हे सगळे मोठेबाबांना सांगितले. त्यांची शपथ त्यांनाच ऐकवली. ते म्हणाले, "पऱ्हाटीचं पऱ्हाटीपाशी राहू दे. मानसाचं बोल." म्हणजे त्यांना पटले होते, पण माणसे बसलेली होती.

कलम ५. घर व ठेव. कवेलूच्या छपराचे तीन खोल्यांचे घर, यातला माझा हिस्सा, तसेच आर्वीच्या पोस्टातील बचत पुस्तक, हे सर्व माझी पत्नी सुलोचना हिचे. तिला पुन्हा लग्न करावेसे वाटले तर कोणी आडवे येऊ नये. (हे वाक्य वाचून ती म्हणाली, "आधी तुमचं पोट तं शिवून या, मंग पाह्यतो माह्यं.") मुलींचे पालकत्व तिचेच.

कलम ६. हत्यारे. सायकल कांताची, कारण ती आताच दांडीखालून पाय घालून पेडल फिरवते. भिंग लीलाचे, कारण ते तिने दोनदा चोरले आहे. बारा वह्या दोघींच्या सामाईक. धाग्याची रिळे प्लॉटवर परत करावीत, ती माझी नाहीत.

कलम ७. आर्वीच्या फोटोवाल्याबाबत. मुली दोन वर्षांच्या झाल्या तेव्हा आर्वीच्या एका फोटो स्टुडिओत त्यांचा फोटो काढला. आठ दिवसांनी आणायला गेलो तर फोटोत दोन गोऱ्या मुली. मी म्हटले, ही माझी मुलगी नाही. तो म्हणाला, "भाऊ, तुमचीच हाये. जरा टचिंग करून उजळ केली. पैसे नाई घेतले याचे." मी म्हटले, "तुम्ही पैसे नाही घेतले, मुलगी घेतली. माझी मुलगी परत द्या." रांगेतली सगळी माणसे हसू लागली, मी मात्र हललो नाही. शेवटी त्याने पुन्हा फोटो काढला, फुकट. त्यात कांता कांतासारखी व लीला लीलासारखी आहे, दोघींनी तोंडात एकेक गोळी धरली आहे. तोच फोटो भिंतीवर राहावा. पहिला फोटो लोखंडी पेटीत तळाशी आहे, तो पाहुण्यांना दाखवू नये. त्या फोटोवाल्याला मी क्षमा केलेली नाही, पण त्याच्या हातात कला आहे हे मान्य करतो.

कलम ८. कपड्यांबाबत. दिवाळीला दोघींना सारख्याच किमतीचे कापड घ्यावे, रंग जिचा तिने निवडावा. यंदा दुकानदाराने लीलापुढे पिवळे, गुलाबी, पोपटी सगळे ठाण उलगडले व कांतापुढे एकच चॉकलेटी ठेवले. कांता म्हणाली, "मले पिवळं पाह्यजे."

"बाई, तुले पिवळं उठून दिसन," दुकानदार हसून म्हणाला.

"मंग चांगलंच हाये ना. उठून दिसाले तं घेते."

पिवळे घेतले. दिवाळीच्या सकाळी ती अंगणात उभी राहिली तेव्हा रस्त्याने जाणारी बैलगाडी थांबली, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्याच दिवशी लीलाने मला विचारले, "बाबा, मी केव्हा काळी होईन?" मी विचारले, "तुले कायले काळं व्हायचं?" ती म्हणाली, "कांता तुमच्यासारखी हाये. मले बी तुमच्यासारखं व्हायचं हाये." मी तिला खांद्यावर घेऊन गावाला फेरी मारली. सगळ्यांच्या दारांवरून मारली.

कलम ९. रूपराव उमाटे यांच्याबाबत. माझ्या मागे माझ्या दोन्ही मुली एकाच घरात, एकाच आईजवळ राहाव्यात. त्यांना वेगळे करण्याचा, एकीला ठेवून एकीला पुलगावला अगर इतरत्र पाठवण्याचा कोणताही अधिकार माझे मोठेबाबा रूपराव उमाटे यांना नाही. त्यांनी माझ्या वडिलांच्या मागे मला वखर धरायला शिकवले व माझी शाळेची फी दोन वर्षे भरली, त्याचे उपकार आहेत. तरीही नाही.

येथे लिहिणे संपवले होते. आता सायंकाळचे सव्वापाच वाजले आहेत आणि पुढील मजकूर लिहिणे भाग आहे, कारण मध्यंतरी जे झाले त्याने कागद अपुरा पडला.

चार वाजता मी शाळेचे निवृत्त मास्तर प्रभाकरराव देवतळे यांना साक्षीदार म्हणून बोलावले होते. गुरुजींनी चष्मा लावून माझे शुद्धलेखन तपासले, दोन चुका काढल्या, त्या मला मान्य आहेत. दुसरा साक्षीदार यायचा होता. तेवढ्यात काठी टेकत मोठेबाबा आले. त्यांना मी बोलावले नव्हते. वहाणा काढून ओट्यावर पाय सोडून बसले आणि म्हणाले, "आयकलं कवडू कागद करून राह्यला. वाचा गुरुजी."

गुरुजी वाचू लागले. माय पदर घेऊन दाराआड उभी, सुलोचना चुलीपुढे, पोरी ओट्याखाली चिंचोके खेळत. घरच्या सरकीची हकीगत आली तेव्हा मोठेबाबा खोकले. नवव्या कलमापाशी गुरुजी थांबले व माझ्याकडे पाहू लागले.

मोठेबाबा म्हणाले, "थांबले काऊन? अक्षर लागत नाई का? त्याचं अक्षर तं छापल्यासारखं असते. वाचा."

गुरुजींनी वाचले. "तरीही नाही" इथपर्यंत. मला वाटले ते आता उठून जातील आणि आमच्या घरी पुन्हा पाणी घेणार नाहीत.

तेवढ्यात खालून लीलाचा आवाज आला. "आबाजी, तुमचं हे बोट पाहा किती मोठं!"

ती मोठेबाबांच्या पायांशी उकिडवी बसली होती. त्यांच्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा चांगले पेराएवढे पुढे गेलेले आहे. तिने आपले पाऊल त्यांच्या पावलाशेजारी ठेवले. तिचेही दुसरे बोट तसेच, तसेच किंचित वाकडे. मी चार वर्षे तिची नखे कापतो, परंतु मोठेबाबांच्या पायांवर डोके ठेवताना माझे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे हे मला ठाऊक नव्हते. माझ्या स्वतःच्या पायाला तसे लांब बोट नाही.

मोठेबाबा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आमच्या बापाचं बोट हाये. नत्थूले बी होतं. दोघाईच्या वहाणा मोची येगळ्या शिवे."

कांताही पळत आली व आपला पाय शेजारी ठेवला. तिचे बोट अंगठ्यापेक्षा आखूड निघाले. तिचे तोंड लगेच वाकडे झाले. "माह्यं काऊन लहान हाये?"

मोठेबाबा तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना असे हसू आले की काठी हातातून पडली. "तुह्यं त्या इंजन डायवरचं दिसते बाई!"

मग माय दाराआडून हसली, सुलोचना चुलीपुढून उठून आली, गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. कांताला काही समजले नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली. "आमचं घर म्हनून जिले ठेवून घेत होतो," मोठेबाबा मायकडे पाहून म्हणाले, "तेच डायवरची निंघाली. आता कोनाले धाडू मनकर्णा?"

"कोनालेच नाई, भाऊजी," माय म्हणाली. मी जन्मात पहिल्यांदा तिला मोठेबाबांपुढे इतक्या मोठ्याने बोलताना ऐकले.

एक गोष्ट मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो. हे बोट निघाले नसते, तरी कलम ४ असेच राहिले असते. बोटाने शेत मिळालेले नाही. बोटाने फक्त मोठेबाबांना उठून न जाण्याचे निमित्त दिले.

मी नववे कलम खोडतो म्हणालो. खाडाखोड केली तर शेजारी सही लागते, तीही करायला तयार होतो. मोठेबाबा म्हणाले, "राहू दे. म्या म्हनलं होतं ते. पोरी मोठ्या झाल्या की वाचतीन, का आबाजी काय बोलला होता अन् मंग काय केलं." म्हणून ते खोडलेले नाही.

नंतर त्यांनी विचारले, "कागद उरला हाये का?"

मी म्हटले, "अर्धं पान."

"मंग माह्यं बी लिवून टाक."

गुरुजी म्हणाले की एका माणसाच्या मृत्युपत्रात दुसऱ्याचे चालत नाही, ते वेगळे, त्यांच्या स्वतःच्या नावाने करावे लागते. मीही तेच सांगितले. मोठेबाबा म्हणाले, "ते होईन वेगळं. सोमवारी हा पोट फाडून घेईन, मंग मले असं अक्षर काढून कोन देईन? आज लिव. पक्का कागद हा दवाखान्यातून आला का करू."

गुरुजींनी मान हलवली. तेव्हा मोठेबाबा सांगत गेले तसे, त्यांच्याच शब्दांत, मी खाली उतरवतो. हे माझ्या मृत्युपत्राचे कलम नाही, केवळ त्यांचे बोलणे आहे.

"मले लेकरू नाई. माह्यं तीन एकर वावर, जे कवडूच्या वावराले लागून हाये, ते माह्या मांगं दोघी पोरीईचं. एकीले काळी जमीन अन् एकीले बरड असं नाई करायचं. वाटनीच नाई करायची. दोघीईनं मिळून वाह्यचं. लग्न होऊन कोनती कुठंही गेली तरी पिकाच्या टायमाले दोघीईनं यायचं, सोबतच यायचं. मधात धुरा टाकून वावर तोडायचं नाई."

यानंतर त्यांनी विचारले, अंगठा कुठे लावू. दुसरा साक्षीदार अजून आलेला नव्हता, म्हणून गुरुजींनी त्यांना साक्षीदाराची जागा दाखवली.

मृत्युपत्र करणार: कवडू नत्थूजी उमाटे (सही)

वरील मजकूर गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवला. कवडू उमाटे यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर साक्ष दिली.

साक्षीदार १: प्रभाकरराव गोविंदराव देवतळे, निवृत्त शिक्षक, मौजा पिंपळधरी (सही)

साक्षीदार २: रूपराव उमाटे, शेतकरी, मौजा पिंपळधरी (डाव्या हाताचा अंगठा. शेजारी दोन लहान अंगठ्यांचे ठसे आहेत. ते कांता व लीला यांनी न विचारता उमटवलेले असून त्यांना साक्ष समजू नये, परंतु पुसूही नयेत.)

ठिकाण: मौजा पिंपळधरी, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८३, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे